पहिली भाकरी भुऱ्याची

हिरकणीवाडीत आवडीबद्दल कुणालाही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं: बाई कामाला वाघीण, पण जीव भारी जळका. आणि हे आवडीला जाऊन सांगितलंत तर ती भांडायची नाही. हातातली भाकरी तव्यावर टाकत म्हणेल, "मग? जळतोय तर जळतोय. तुमच्या घरचं लाकूड लागतंय काय त्याला?"

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला पोलादपूरकडच्या एका वाडीत तिचं माहेर. लहान असताना बापानं जत्रेतून थोरल्या बहिणीला लाल रिबिनी आणल्या आणि हिला बांगड्या. बांगड्यांचं सुख हिला एक दिवसही झालं नाही. रिबिनींचं दुःख मात्र तीन दिवस पुरलं. चौथ्या दिवशी ती रानात शिरली, पाटीभर करवंदं तोडली, पोलादपूरच्या स्टँडवर बसून विकली आणि रिबिनी घेऊनच घरी आली. बहिणीच्या रिबिनींपेक्षा वीतभर लांब. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढंही असंच चालत आलं. लग्न होऊन ती रायगडाच्या पायथ्याला आली तेव्हा नवरा गोमाजी डोली उचलायचा. कळकाच्या दांड्याला खुर्ची बांधायची, तिच्यात म्हातारं माणूस नाहीतर एखादी जड शेठाणी बसवायची आणि चौघांनी खांद्यावर घेऊन गड चढायचा. आवडी ताकाचं मडकं डोक्यावर घेऊन त्यांच्या मागं. वर गेल्यावर तिला दिसलं, दुसऱ्या एका बाईचं ताक आधी संपतं. तिच्या ताकात आलं असायचं. आवडीची दोन दिवस झोप उडाली, तिसऱ्या दिवसापासून तिच्या ताकात आलंही होतं आणि भाजलेलं जिरंही. रोपवे आला, डोलीचं काम घटलं, तेव्हा ती त्या हलणाऱ्या डब्याकडे बघून कडाकडा बोटं मोडायची. मग तिनं बघितलं की डब्यातून उतरलेल्या माणसालाही भूक लागते. शेजारच्या उज्वलानं दारात एक टेबल मांडलं, आवडीनं पडवीत दोन मांडली. उज्वलाची चार झाली, हिची सहा. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, वालाची उसळ. सगळा संसार असा तिच्या जळण्यावर शिजला, आणि चांगला शिजला.

गोमाजीचे गुडघे डोलीनं खाल्ले होते. तो आता पडवीच्या टोकाला बसून असायचा आणि दिवसाला एखादं वाक्य बोलायचा. ते वाक्य बहुधा खरं असायचं, म्हणून आवडीला आवडत नसे.

भुऱ्या या घरात आला त्याला आता आठ वर्षं झाली. पाचाडकडून चढायला आलेल्या कुठल्याशा टोळक्यामागून तो आला. तांबूस भुरा रंग, एक कान उभा, एक पडलेला. टोळकं जेवून गेलं, हा राहिला. दुसऱ्या दिवशी आवडीनं तवा चढवला. पहिली भाकरी तव्याची असते, असं ती म्हणायची. तवा नीट तापलेला नसतो, भाकरी फुगत नाही, एका अंगानं कच्ची राहते. गिऱ्हाइकाला ती देता येत नाही आणि घरातल्या माणसानंही का खावी. ती तिनं भुऱ्याकडे टाकली. भुऱ्यानं हवेतच झेलली.

तेव्हापासून पहिली भाकरी भुऱ्याची. आणि भुऱ्यानंही खाल्ल्या भाकरीला जागावं तसं एक काम आपणहून अंगावर घेतलं. सकाळी भाकरी खाल्ली की वाडीतून खाली जायचं, पायऱ्या सुरू होतात तिथं बसायचं, येणाऱ्या लोकांतून एक टोळी निवडायची आणि त्यांच्यापुढं गड चढायचा. कुठं थांबायचं, कुठल्या टाक्याचं पाणी बघायचं, सगळं तो दाखवायचा. खाली उतरताना बरोबर त्यांच्यापुढं राहायचा आणि त्यांना सरळ आवडीच्या पडवीत आणून उभं करायचा. लोक विचारायचे, "हा तुमचाच का?" आवडी म्हणायची, "माझाच. बसा, पाय धुवा, भाकरी टाकते."

उज्वला म्हणायची, "तुझा कुतरा नाय गो, एजंट हाय." हे ऐकताना आवडीला जे सुख व्हायचं ते सोन्याच्या पाटल्यांनीही झालं नसतं.

मग अनिल परत आला.

अनिल तिचा एकुलता एक. बारा वर्षं मुंबईत एका गोदामात होता. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला तो बायकोला घेऊन कायमचा वाडीत आला, घरामागं मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. बायको सेजल. आईबाप पोलादपूर तालुक्यातलेच, पण ही वाढली नालासोपाऱ्याला. सून आल्यावर भांडायचं कसं याची आवडीनं मनातल्या मनात दोन वर्षं तयारी केली होती. ती सगळी फुकट गेली. सेजल उलटून बोलायचीच नाही. "हो आई," म्हणायची आणि आपल्याला हवं तसं करायची. भाकरी तिला यायची नाही. चपात्या यायच्या, मऊ, पदर सुटलेल्या. एक दिवस अनिल म्हणाला, "आई, आज चपातीच दे ना." आवडीनं चपाती वाढली, पण त्या घासाबरोबर तिच्या पोटात काहीतरी गेलं ते तिथंच राहिलं. तिला एकच भीती होती: या घरात हळूहळू तिच्या हातचं कुणालाच लागेनासं होईल. उद्या अनिलला नको, परवा गिऱ्हाइकाला नको. मग ती पडवीच्या त्या टोकाला, गोमाजीच्या शेजारी.

आणि सुरुवात कुत्र्यापासून झाली.

सेजलनं भुऱ्याला आधी महाडला नेऊन सुया टोचून आणल्या. मग गळ्यात निळा पट्टा आला, पट्ट्यावर अनिलचा मोबाईल नंबर. मग नाव बदललं. भुऱ्याचा ब्रुनो झाला. एवढं आवडीनं सोसलं. पण एका सकाळी ती मागच्या दारी गेली तर सेजलच्या गॅसवर कुकर. बाजूला ताटात लाल भोपळ्याच्या फोडी, गाजर, उकडलेली अंडी, आणि एका भांड्यात हाडं काढलेलं कोंबडीचं मटण.

"पावनं हायत का गो कोन?"

"नाही आई. ब्रुनोचं जेवण आहे."

आवडीला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "कुत्र्याचं?"

"हो. दोन वेळचं. मी मोबाईलवर सगळं बघून घेतलंय. कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही, तिखट नाही. कांदा-लसूण त्यांना विषासारखं असतं, आई. आपण इतकी वर्षं त्याला ठेच्याची भाकरी देत होतो, बिचारा."

"बिचारा," आवडी म्हणाली. "आनि तुझा सासरा काल रातची आमटी ऊन करून जेवला तो कोन?"

सेजल हसली. "बाबांना पण देऊ का?"

पडवीतून गोमाजीचा आवाज आला. "मीठ घालून दे."

त्या दिवसाचं त्याचं वाक्य संपलं. आवडीनं पातेली इतक्या जोरात घासली की उज्वला कुंपणावरून बघायला आली.

तरी आवडीचा भुऱ्यावर भरवसा होता. कुत्रा आहे, माणूस नाही. आठ दिवस मजा करील आणि आपल्या भाकरीवर येईल. नवव्या दिवशी तिनं तवा चढवला, पहिली भाकरी थापली, भाजली, दाराकडे टाकली. भुऱ्या उठला. भाकरीजवळ आला. हुंगली. मग मान वर करून आवडीकडे बघितलं, जरा संकोचल्यासारखं शेपूट हलवलं आणि मागच्या दारी निघून गेला. तिकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

भाकरी मातीत पडून राहिली. दुपारी कोंबड्यांनी टोचली.

नवऱ्यानं एखाद्या दिवशी ताट बाजूला सारलं असतं तर आवडीनं त्याला दोन शब्द सुनावले असते आणि विसरली असती. पण या गोष्टीबद्दल भांडायचं तरी कुणाशी? ती रात्री अंथरुणावर पडून ऐकत राहिली. भुऱ्या आता पडवीत झोपत नव्हता. सेजलच्या दारासमोर तिच्या जुन्या ओढणीवर झोपत होता. सेजल आत काहीतरी हळू बोलली आणि बाहेर त्याचं शेपूट दारावर आपटलं. टप, टप. आवडीनं ते सारे टप मोजले.

पुढं तर लोकच बदलले. सेजल भुऱ्याचे व्हिडिओ टाकायची: भोपळा चिरताना, भात कालवताना, भुऱ्या बशी चाटताना. गड उतरलेली मुलंमुली पडवीत यायची आणि भाकरीच्या आधी विचारायची, "ब्रुनो कुठाय? आणि ब्रुनोची ताई?" मागच्या खोलीपुढं जाऊन बशीचे फोटो काढायची. आठ वर्षं ज्यानं माणसं आवडीच्या दारात आणली, तोच आता ती तिच्या दारातून पुढं नेत होता.

आवडी तीन दिवस गप्प बसली. चौथ्या दिवशी तिनं काय केलं, ते रिबिनींची गोष्ट ऐकलेल्या माणसाला सांगायला नको.

महाडहून कोंबडीचा टेम्पो घेऊन अब्बास यायचा, वाडीतल्या सगळ्या टेबलवाल्यांना माल द्यायचा. आवडी त्याला रस्त्यावरच गाठून म्हणाली, "पाय आनि काळजं ठेव रे माझ्यासाठी. रोजची. आनि घरात कुनाला बोलू नको."

"सूप करता काय, आवडीताय? गुडघ्यांना चांगला असतो."

"व्हय. गुडघ्यांनाच."

गोठ्यात म्हैस गेल्यापासून जागा मोकळी होती. तिथं तीन दगडांची चूल मांडली. सेजल कशी करते ते आवडीनं तांदूळ निवडायच्या निमित्तानं समोर बसून दोनदा बघितलं होतं. शिकायला तिला दोनदा पुरे व्हायचं. अकराच्या सुमाराला सेजल खोल्यांच्या चादरी धुवायला नळावर जायची, तेव्हा हिचा टोप उतरायचा. भात, भोपळा, पायांचा चिकट रस्सा, काळजाचे बारीक तुकडे. कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही. चाळीस वर्षांत तिनं बिनमिठाचा पदार्थ केला नव्हता. चाखून बघितला तर तोंडात काही लागेचना, नुसतं ऊन. एवढ्यावर सुनेला मागं टाकायचं कसं? मग तिनं कपाटातली तुपाची बरणी काढली.

भुऱ्या पहिल्या दिवशी गोठ्याच्या दारात थांबला. एक कान उभा, एक पडलेला. आवडीनं घास हातावर घेतला.

"ये रे. ये माझ्या राजा. ती काय देते तुला, उकडलेला भोपळा. हे बघ."

तो आला आणि हातावरचा घास त्यानं असा घेतला की दात लागला नाही. मग टोप. मग टोपाचा तळ. मग तिची बोटं, एकेक करून. आवडी गोठ्यात उकिडवी बसली होती, पदर तोंडात धरून हसत होती. लग्नात वरमाईनं कौतुक केलं होतं तेव्हाही ती अशी हसली नव्हती.

एकदा मागं वळून बघितलं तर दारात गोमाजी. तो आत आला, टोपात बोट बुडवलं, चाटलं आणि काही न बोलता गेला.

असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. सेजलची सकाळची बशी, आवडीचा अकराचा टोप, सेजलची संध्याकाळची बशी. भुऱ्या तिन्हीला सारखाच इमानदार. दोघी आपापल्या जागी खूश, कारण दोघींना वाटायचं, तो आपल्यासाठी जगतो. भुऱ्याच्या मानेवर वळी आली. निळा पट्टा दोन भोकं पुढं गेला. बसताना तो आधी मागचा भाग टेकवायचा आणि मग बाकीचा आणून ठेवायचा. वाडीतल्या पोरी म्हणायच्या, "काय गोड दिसतो." आवडीला वाटायचं, माझं तूप दिसतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी अनिलचा मोबाईल वाजला. पुण्याची पोरं होती. म्हणाली, तुमचा कुत्रा आमच्याबरोबर चढत होता, खुबलढा बुरुजाच्या वरच्या वळणावर बसला तो उठत नाही. आजारी आहे का? जीभ बाहेर आहे. पाणी पाजलं. पट्ट्यावर नंबर दिसला म्हणून फोन केला.

अनिल निघाला तसा गोमाजी उभा राहिला. माळ्याकडे बोट केलं. अनिलला कळेना. मग कळलं. माळ्यावरून डोली खाली आली, दांड्याला जाळी धरलेली, खुर्चीचा वेत दोन ठिकाणी तुटलेला. गोमाजीनं स्वतः बसून सुतळी बांधली, गाठी ओढून बघितल्या आणि पोरांना सांगितलं, "उतरताना पुढचे दोघं हळू. वजन पुढं येतं." डोळ्यांत पाणी होतं की धूळ, आवडीनं बघितलं नाही, कारण ती स्वतः रस्त्याकडे बघत होती.

तासाभरानं भुऱ्या आला. अनिल आणि वाडीतली तिघं पोरं, चौघांच्या खांद्यावर दांडा, मध्ये खुर्चीत सेजलच्या ओढणीनं बांधलेला भुऱ्या, आजूबाजूला बघत, एखाद्या संस्थानिकासारखा. सगळी वाडी दारात आली होती. रोपवेच्या रांगेतली माणसंही आली. कोणी हसलं, कोणी फोटो काढला.

गोमाजी म्हणाला, "मोठमोठी मानसं उचलली. कुतरा पयलाच."

महाडला गुरांच्या डॉक्टरकडे अनिलच्या गाडीतून तिघं गेली. आवडीला जायचं काही कारण नव्हतं, पण सेजल भुऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली म्हटल्यावर आवडी दुसऱ्या दारानं शिरली आणि त्याचे मागचे पाय तिनं आपल्या मांडीवर घेतले.

डॉक्टरनं काटा बघितला, पोट दाबलं, छातीला नळी लावली. "बत्तीस किलो. गावठी कुत्रा आहे हा, बावीसच्या वर जायचं काही कारण नाही. हृदय ठीक आहे अजून, पण असंच चाललं तर ठीक राहणार नाही. काय देता खायला?"

सेजलनं मोबाईल काढून वाचून दाखवलं. सकाळी दीड वाटी, संध्याकाळी दीड वाटी. भात इतका, चिकन इतकं, भोपळा इतका.

"एवढ्यावर हे होत नाही," डॉक्टर म्हणाला. "मोजून देता, की देताना हात सैल सुटतो?"

"मोजूनच देते, डॉक्टर."

रोज दहा माणसं हेच सांगतात, अशा नजरेनं डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं. मग त्यानं कागद लिहिला: एकच वेळ जेवण, तूपतेल बंद, रोज सकाळी थोडं थोडं चढणं. आवडी भिंतीवरच्या गीर गाईचं चित्र बघत होती. त्या गाईला किती सड आहेत ते तिनं तीनदा मोजलं.

परतताना नातेखिंड मागं पडली आणि अनिलचं तोंड सुटलं. "सांगत होतो तुला. मोबाईलवर बघून कुत्र्याला पाहुणा करून ठेवलास. व्हिडिओ पाहिजेत ना व्हिडिओ. मेला असता वर तो. उद्यापासून तुझा कुकर बंद. आईच्या भाकरीवर आठ वर्षं ठणठणीत होता."

सेजल खिडकीकडे तोंड करून रडत होती, आवाज न करता.

आवडीला हवं होतं ते हेच, शब्दाला शब्द. आईच्या भाकरीवर ठणठणीत. पोरानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं. ती खूश होती. पाचाड येईपर्यंत खूश होती. पाचाडला तिचं लक्ष खाली गेलं. भुऱ्या मान वळवून सेजलचा हात चाटत होता. मागचे पाय तेवढे आवडीच्या मांडीवर, जड, बधिर करणारे.

घरी आल्यावर सेजल आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. आणि आवडीनं बघितलं, गोमाजी उठला, गुडघे धरत चुलीपाशी गेला, चहा केला आणि कप सेजलच्या हातात नेऊन दिला. अडतीस वर्षांच्या संसारात त्यानं आवडीला पाण्याचा तांब्या भरून दिला नव्हता. बाळंतपणातसुद्धा. आवडी तिथंच थबकली. चूक सुनेवर गेली, ते बरं झालं. पण चुकीबरोबर चहासुद्धा सुनेकडे जातो, हे तिच्या हिशोबात नव्हतं.

तेवढ्यात कुंपणावरून उज्वला आली. भुऱ्याला बघितलं, त्याच्या मानेची वळी चिमटीत धरली आणि कौतुकानं म्हणाली, "कायपन म्हन आवडे, तुझ्या सुनंच्या हातात कस हाय. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं खाऊन कुतरा असा भरला. मीठमसाला घालती तर काय करती. तुझ्याकडं होता तवा बरगड्या मोजून घ्याव्या असा होता गो. हाताचा गुन असतो एकेकाच्या."

झालं. आवडी सगळं गिळू शकली असती. हे नाही.

"हाताचा गुन?" ती म्हणाली. "कुनाच्या? हिच्या?"

अनिल पडवीतून वळला. सेजलनं कप खाली ठेवला.

"हिच्या त्या दीड वाटी भातानं? त्यात हाय काय, भोपळ्याचं पानी. उंदीर भरायचा नाय त्यानं. हे जे अंगावर दिसतंय ना," आवडीनं वाकून भुऱ्याची पाठ थोपटली, चांगला भरीव आवाज झाला, "हे माझ्या टोपातलं हाय. रोज अकरा वाजता. गोठ्यात. कोंबडीचे पाय, काळीज, भात. वरून तूप. पावसाळ्यापासून एक दिवस चुकला नाय. इचार त्या अब्बासला."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. उज्वलाच्या हातातून मानेची वळी सुटली. भुऱ्या तेवढा धापा टाकत होता.

सेजल उठून उभी राहिली. "तूप?" एवढंच म्हणाली. "आई, तूप घालत होतात त्यात?"

"चमचाभर."

"केवढा चमचा?"

आवडीनं चुलीकडे तोंड फिरवलं.

गोमाजी म्हणाला, "पळी."

सेजल आत गेली आणि भुऱ्याची स्टीलची बशी घेऊन बाहेर आली. आवडीच्या पायापाशी ठेवली, न आपटता, अगदी नीट. "मला डॉक्टरसमोर खोटं पाडलंत," ती म्हणाली. "गाडीत मी रडत होते, तुम्ही शेजारी होता. आता तुम्हीच करा त्याचं." पहिल्यांदाच ती 'हो आई' न म्हणता काही बोलली होती. दार लागलं.

अनिल डोक्याला हात लावून बसला. "आई, तू पण कमाल करतेस," म्हणाला, आणि खोल्यांची चावी घेऊन निघून गेला.

आता भुऱ्याचं जेवण आवडीकडे आलं. एक वेळ, मोजून, तूप नाही. लपायचं कारण नाही, गोठा नाही. पडवीतल्या चुलीवर, सगळ्यांसमोर. तिनं जे मागितलं होतं ते सगळं तिच्या पदरात पडलं, आणि चारच दिवसांत तिच्या लक्षात आलं की त्यात गोडी नाही. सेजल तिच्याशी कामापुरतं बोलायची: आई, चादरी वाळल्या, आई, चार ताटं. भुऱ्या बशी एका मिनिटात संपवायचा आणि सरळ सेजलच्या दाराशी जाऊन बसायचा. कारण डॉक्टरच्या कागदावरचं दुसरं काम, सकाळचं चढणं, सेजलनं घेतलं होतं. उजाडताना ती बूट घालायची आणि दोघं निघायची. तासाभरानं परत. सेजलचे गाल लाल, भुऱ्याची जीभ बाहेर, दोघांच्यामध्ये काहीतरी झालेलं असायचं जे आवडीनं बघितलेलं नसायचं.

जेवण आपल्याकडे आलं तर ह्यानं चालणं तिच्याकडे नेलं. आवडीचा जीव पुन्हा पेटला.

सहाव्या दिवशी तिनं लवकर तवा चढवला, एकच भाकरी भाजली, फडक्यात गुंडाळून कमरेला खोचली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि त्या दोघांच्या मागून निघाली. अकरा वर्षांत ती गडावर गेली नव्हती. गडावर जाणाऱ्यांना जेवू घालता घालता राहून गेलं होतं.

"आई, तुम्ही?" पायऱ्यांच्या तोंडाशी सेजल थांबली. "चढवेल का तुम्हाला?"

"तू जन्मायच्या आधी मी ह्या पायऱ्या डोक्यावर मडकं घेऊन चढलेली हाय," आवडी म्हणाली. "चल तू."

पुढं भुऱ्या, मागं दोघी. पहिल्या शंभर पायऱ्या आवडी नुसत्या रागावर चढली. मग राग संपला आणि गुडघे सुरू झाले. शेजारी सेजलचाही श्वास वाजत होता. नालासोपाऱ्याला चढायला तीनच मजले होते. पण सासू बसत नाही तोवर सून बसेना, सून बसत नाही तोवर सासू बसेना. भुऱ्या दर दहा पायऱ्यांनी मागं वळून बघायचा आणि कंटाळून वाट बघायचा. खालून येणारं एक कॉलेजचं टोळकं त्यांना ओलांडून गेलं. "आजी, सावकाश," एक मुलगी म्हणाली. आवडीनं वेग वाढवला.

खुबलढा बुरुजाच्या वरच्या वळणावर, जिथं भुऱ्या बसला होता तिथंच, सेजल बसली. पायरीवर, पाय पसरून. "मी नाही आता," म्हणाली.

आवडी उभी होती. जिंकली होती. छाती भात्यासारखी चालली होती, तोंडाला कोरड पडली होती, पण ती उभी होती. एवढ्यात भुऱ्या वरून खाली आला, सेजलला चिकटून बसला आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकवली.

आवडी गेली आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला बसली.

खाली वाडीचे पत्रे दिसत होते, आपल्या पडवीवरचा निळा प्लास्टिकचा कागद, त्याच्या टोकाला एक ठिपका. गोमाजी असावा.

"गाडीत बोलायला पायजे होतं मी," आवडी खाली बघत म्हणाली.

"हो," सेजल म्हणाली. "पाहिजे होतं."

"नाय बोलले."

"नाही बोललात."

एवढंच. मग आवडीनं कमरेचं फडकं सोडलं. पहिली भाकरी, एका अंगानं कच्ची, गार झालेली. भुऱ्याचा उभा कान आणखी उभा राहिला. सहा दिवस एकच वेळ जेवलेला कुत्रा होता तो.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय," सेजल घाईनं म्हणाली. "एकच वेळ."

"त्याला नाय. तुला हाय. सकाळपासून चहावर हायस." तिनं भाकरी मोडली, मोठा तुकडा सेजलला दिला. "आनि चावून खा. पयली हाय, तव्याची. नीट जमत नाय ती. मलापन जमत नाय चाळीस वर्षांत."

सेजलनं तुकडा हातात धरून बघितला. "माझ्या सगळ्याच अशा होतात," ती म्हणाली आणि खायला लागली.

भुऱ्यानं हनुवटी उचलली. सेजलच्या हाताकडे बघितलं, घास तोंडात जाईपर्यंत बघितलं. मग मान वळवून आवडीकडे बघितलं. आवडीनं त्या डोळ्यांत नीट निरखून पाहिलं. तिथं जे होतं ते तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिच्या घरातलंच होतं ते, रिबिनींच्या वयापासूनचं.

"बघतोय बघ कसा," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडाही सेजलच्याच हातावर ठेवला.